देवामाणसांमधला उंबरठा

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्रींच वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराबाहेर रांग लागूं लागते आणि पहांटेपर्यंत ती कात्रक रस्त्यानें दूरवर जाऊन पोंचते. मुंबईकर या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात. एके काळीं या भागांत मिठागरें होतीं. त्या मिठागरांत राबणाऱ्या व मिठाचा व्यापार करणाऱ्या लोकांनीं हा देव येथें बसविला, आणि तुकोबांच्या काळापासून तो येथें उभा आहे, अशी स्थानिक परंपरा आहे. परंपरेची शहानिशा इतिहासकारांनीं करावी. रांगेंत उभ्या असलेल्या माणसाला सनावळीशीं कर्तव्य नसतें. परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या तेव्हां घाटावरून व कोंकणांतून आलेले कामकरी त्या रांगेंत असत. वारीला जावें तर रजा मिळत नाहीं आणि न जावें तर मन राहत नाहीं, अशी त्यांची कोंडी असे. पंढरीला जाणें घडलें नाहीं तरी वडाळ्याला जाणें घडे, आणि तेवढ्यानें वारी पदरांत पडे.

यांत नवल तें काय, असें मराठी माणसाला वाटेल. माणसाला रजा नाहीं म्हणून देवानें त्याच्या वस्तीजवळ येऊन उभें राहावें, हें आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं त्याचा विचार करण्याची गरज कोणाला भासत नाहीं. परंतु इतर प्राचीन राष्ट्रांच्या देवकथा शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे ही गोष्ट साधी नाहीं, असें ध्यानांत येतें. देव आणि माणूस यांच्यामध्यें एक उंबरठा असतो, हें सर्वच राष्ट्रांनीं मानलें आहे. तो उंबरठा कोणीं घातला आणि कोणीं ओलांडावयाचा, याविषयीं मात्र त्यांचीं उत्तरें फार निराळीं आहेत.

ग्रीस आणि चीन या दोन देशांच्या कथा या कामीं विशेष उपयोगी आहेत, आणि हे देव आपल्याला अगदींच परके आहेत असेंही नव्हे. वडाळा रोड स्टेशनावरून शहराच्या टोंकाकडे जाणारी गाडी धरिली तर चौथें स्टेशन डॉकयार्ड रोडचें. तेथें माझगांवांत एक लहानसें चिनी देऊळ आहे. चीनच्या दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतांतून मुंबईच्या बंदरांत येणाऱ्या खलाशांसाठीं त्यांच्याच देशबांधवांनीं तें १९१९ सालीं उभारलें. तेथें क्वान कुंग नांवाच्या देवाची पूजा होते. ग्रीक देवाला भेटण्यासाठीं कोल्हापूरपर्यंत जावें लागेल. पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननांत एक कांस्याची लहान मूर्ति सांपडली, ती तेथील टाऊन हॉलमधील संग्रहालयांत आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन तो हाच. मूर्ति रोमन घडणीची असून प्राचीन व्यापाराबरोबर ती या किनाऱ्यावर उतरली असावी. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील कित्येक खांबांवरही दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं दाते स्वतःला यवन म्हणवितात.

प्रथम ग्रीकांचें पाहूं. त्यांचे देव माणसासारखे आहेत, हें सर्वांना ठाऊक असतें. ते रागावतात, मत्सर करितात, प्रेमांत पडतात, एकमेकांना फसवितात. परंतु या साम्यामुळें पुष्कळांची फसगत होते. देव माणसासारखा आहे म्हणून तो माणसाच्या जवळ आहे, असें होत नाहीं. ग्रीक भाषेंत देवांना 'अमर' आणि माणसांना 'मर्त्य' असेंच म्हणण्याची चाल आहे, आणि या दोन शब्दांतच त्यांचा सारा धर्म सांपडतो. रूप, बुद्धि, वासना हीं सर्व दोघांना समान. फरक एका मरणाचा. तो एकच उंबरठा, पण तो ओलांडूं पाहील त्याची धडगत नसे.

प्रोमिथियसची कथा प्रसिद्ध आहे. हेसिअड कवीनें ती दोन ग्रंथांत सांगितली आहे. बळीच्या पशूची वांटणी करितांना प्रोमिथियसनें चांगलें मांस माणसांसाठीं राखलें आणि हाडें चरबींत गुंडाळून देवांच्या वांट्याला घातलीं. झ्यूसनें रागानें माणसांपासून विस्तव लपविला. प्रोमिथियसनें तो पोकळ दांड्यांत लपवून चोरून आणला. मग त्याला खडकाला जखडण्यांत आलें आणि एक गरुड रोज येऊन त्याचें काळीज कुरतडूं लागला. हें काळीज रात्रींतून पुन्हां वाढे, म्हणून शिक्षेला अंत नव्हता. माणसांच्या वांट्याला पँडोरा आली आणि तिच्याबरोबर सारीं दुःखें. येथें विस्तव ही देवांची मालमत्ता आहे आणि माणसाची चूल चोरीच्या विस्तवावर पेटलेली आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तिचें काम पुढें पडणार आहे.

नायोबीची कथा याहून करुण आहे. लीटो देवीला दोनच मुलें, आपल्याला बारा, असा गर्व तिनें केला. गर्व वाईट खरा. पण पुष्कळ लेंकुरांच्या आईनें शेजारणींत मिरवावें तशीच ही बढाई होती. लीटोच्या दोन मुलांनीं, अपोलो आणि आर्टेमिस यांनीं, बाणांनीं तीं बाराही मुलें मारलीं. कॅलिडॉनचा राजा इनियस यानें तर बढाईही मारली नव्हती. सुगीच्या यज्ञांत सर्व देवांना भाग देतांना एका आर्टेमिसचा विसर पडला, एवढाच त्याचा अपराध. तिनें एक प्रचंड रानडुक्कर त्याच्या राज्यांत सोडलें आणि फळबागा उध्वस्त केल्या. देवाला विसरलेला माणूस आणि माणसाच्या विसराला न विसरणारा देव, अशी ही जोडी आहे.

पण ग्रीकांना केवळ भ्यालेले लोक म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्या देवांनाही तो उंबरठा मोडतां येत नाहीं. इलियड काव्यांत झ्यूसचा पुत्र सार्पेडॉन रणांत मरणार, असें दिसतें. बापाच्या मनांत येतें, उचलून घरीं पोंचवावें. तेव्हां त्याची राणी हेरा त्याला बजावते कीं तूं आपल्या मुलाला वांचविलेंस तर उद्यां प्रत्येक देव आपापल्या मुलासाठीं उठेल. सर्व देवांचा राजा गप्प बसतो. पृथ्वीवर रक्ताचा पाऊस पाडतो आणि मुलाला मरूं देतो. अस्क्लेपियस या वैद्यानें मेलेल्याला उठविलें, म्हणून झ्यूसनें त्यालाच वज्रानें मारलें. मेल्यानंतर देवपद मिळविणारा हेराक्लीससारखा एकादाच. आणि ओडिसियस तर देवत्व देऊं केलें असतां नाकारतो. कॅलिप्सो देवीनें त्याला सात वर्षें आपल्या बेटावर ठेवून घेतलें आणि अमर करण्याचें वचन दिलें. आपली बायको हिच्याइतकी सुंदर नाहीं, ती म्हातारी होईल आणि मरेल, हें तो कबूल करितो; आणि तरी त्याला घरींच जावयाचें असतें. माणसाच्या थोरवीचें याहून मोठें चित्र कोणत्याही देवकथेंत सांपडणें कठीण आहे. मात्र ही थोरवी देवापाशीं जाऊन मिळत नाहीं. त्याला पाठ दाखवून मिळते.

आतां चीनकडे वळलें म्हणजे वाराच बदलतो. चिनी कथांत विस्तव चोरावा लागत नाहीं. सुइ-जेन नांवाच्या पूर्वजानें लांकडावर लांकूड घासून तो काढला आणि लोकांना शिकविला. देवांचा त्यांत संबंध नाहीं. चोरीची कथा आहे, पण ती मातीची आहे. महापूर आला तेव्हां कुन यानें स्वर्गाधिपतीच्या भांडारांतून आपोआप वाढणारी माती परवानगीवांचून उचलली आणि बांध घालूं लागला. त्याला या अपराधाबद्दल देहांत शासन झालें. येथपर्यंत ही प्रोमिथियसचीच बहीणभावंडांतली गोष्ट वाटते. पुढें मात्र फरक पडतो. तीन वर्षें कुनचें प्रेत कुजलें नाहीं आणि त्याच्या पोटांतून यू जन्माला आला. ज्या कामापायीं बाप मारला गेला तेंच काम आतां स्वर्गानें मुलाकडे सोंपविलें. यूनें पाणी अडविण्याऐवजीं पाट खणून समुद्राकडे काढून दिलें. त्या कामांत तो इतका गढला कीं तीन वेळां स्वतःच्या दारावरून गेला, पण आंत पाऊल टाकलें नाहीं. शेवटीं तो राजा झाला. ग्रीकांच्या चोराला गरुड मिळाला. चिन्यांच्या चोराचा मुलगा पाटबंधाऱ्याच्या कामावर नेमला गेला.

'नेमला गेला' हाच चिनी देवलोकाचा खरा शब्द आहे. पुढील काळांतील लोकधर्मांत स्वर्ग म्हणजे एक भलीमोठी कचेरी. वर रत्नसम्राट, खालीं पर्जन्याचे, नगराचे, चुलीचे असे अधिकारी. चुलीचा देव वर्षाच्या अखेरीस घरच्या मंडळींच्या वागणुकीचा अहवाल घेऊन वर जातो. म्हणून निघतांना त्याच्या तोंडाला साखरेचा चिकट पाक लावितात. तो गोड बोलेल, किंवा निदान त्याचे दांत तरी चिकटतील! नगरदेवता तर बहुधा मेलेला एकादा सचोटीचा अंमलदारच असतो. माझगांवच्या देवळांतील क्वान कुंग हाही मूळचा माणूस. क्वान यू हा सेनापति इ. स. २२० च्या सुमारास शत्रूच्या हातीं सांपडून मारला गेला. आपल्या स्वामीशीं राखलेल्या निष्ठेमुळें त्याची कीर्ति झाली, आणि पुढें शतकानुशतकें बादशहा त्याला मरणोत्तर बढत्या देत गेले. होतां होतां मिंग घराण्याच्या काळीं तो सम्राटपदाला पोंचला. फूकिएन प्रांतांतील मात्सू ही खलाशांची तारणहार देवीही अशीच एका कोळीवस्तींतली मुलगी होती, असें सांगतात.

नेमणूक आहे तेथें चौकशीही आली. दुष्काळांत पाऊस पडेना, तर गांवकरी आणि अधिकारी पर्जन्यदेवतेची मूर्ति उन्हांत आणून ठेवीत, म्हणजे तिला आमचा ताप कळेल. हें ऐकून हंसूं येईल. पण आपल्याकडे महादेवाचा गाभारा पाण्यानें कोंडीत, आणि 'देव पाण्यांत घालून बसणें' हा वाक्प्रचार आपल्या तोंडीं अजून आहे. 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकांतील कादंबरींत याहून धीट प्रसंग आहे. एका नागराजानें पैजेपायीं पावसाची वेळ आणि प्रमाण बदललें. स्वर्गाच्या हुकुमांत अफरातफर झाली. शिक्षेची अंमलबजावणी कोणीं करावी? तर वेइ चंग या मर्त्य प्रधानानें. तो बादशहासमोर सोंगट्या खेळतां खेळतां डुलकी घेतो आणि स्वप्नांत जाऊन नागराजाचें शिर उडवितो. माणसानें देवाला कायद्यानें मारावें, ही कल्पना ग्रीकाला सुचली नसती. ज्याच्या यात्रेवर ही कादंबरी रचिली तो ह्युएनत्संग इ. स. ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या राज्यांत, आपल्या महाराष्ट्रांत, येऊन गेला. येथील लोक उपकार विसरत नाहींत आणि अपमानही विसरत नाहींत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

चिनी व्यवस्थेंत एक उणीव मात्र दिसते. कचेरींत दाद लागते, पण ती नेमलेल्या माणसामार्फत. तेथें देव होण्याचा मार्ग सर्वांना खुला आहे, आणि देवाशीं भांडण्याचाही आहे; पण काम नसतांना देव कोणाच्या घरीं येऊन बसला, अशी कथा तेथें क्वचितच. साहेबाला काम असतें.

मराठी कथांत देवाला दुसरें काम नाहीं. पुंडलीक आईबापांचे पाय चेपीत होता, देव दाराशीं आला. पुंडलिकानें मागें न पाहतां वीट फेंकली आणि थांबावयास सांगितलें. इनियस राजाला नुसत्या विसरानें डुक्कर मिळालें, आणि येथें जाणूनबुजून ताटकळत ठेवणाऱ्याच्या दारांत देव कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. जनाबाईच्या जात्याला हात लावावयास तो आला, एकनाथांच्या घरीं श्रीखंड्या होऊन बारा वर्षें कावडीनें पाणी भरलें. एका ग्रीकाला या देवाची ओळख फार पूर्वीं पटली होती. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत तक्षशिलेचा राजदूत हेलिओडोरस यानें विदिशेजवळ बेसनगर येथें वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि स्वतःला भागवत म्हणविलें.

येथपर्यंत सांगून थांबलें तर मराठी माणसाची मान ताठ होईल. पण याच परंपरेंतल्या दोन कथा एकमेकींशेजारीं ठेवल्या पाहिजेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बादशहाचीं धान्याचीं कोठारें लुटविलीं. बेदरला त्यांची भरपाई करावयास पैशाची थैली घेऊन कोण गेला? विठू महार. देवानें ब्राह्मणासाठीं महाराचें रूप घेतलें. त्याच मंगळवेढ्याचा चोखामेळा जातीनें महार, आणि त्याला पंढरपुरांत देवळाच्या आंत पाऊल टाकण्याची बंदी. १३३८ सालीं मंगळवेढ्यांत वेशीची भिंत कोसळली, तींत काम करितां करितां तो गाडला गेला. नामदेवांनीं त्याच्या अस्थि वेंचून आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांना जागा दिली. ती समाधि अजून तेथें आहे. देव महार होऊन थैली उचलतो, आणि महार मात्र बाहेर! ग्रीसचा उंबरठा मरणानें घातला होता, चीनचा दप्तरानें. पंढरपूरचा उंबरठा देवानें घातलेला नव्हता. देव तो ओलांडून केव्हांच बाहेर आला होता. माणसांनीं तो पुन्हां बसविला, आणि देव आंत आहे असें लोकांना सांगत राहिले.

हें सहाशें वर्षें चाललें. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३० च्या मार्चमध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला आणि पांच वर्षें दरवाजे उघडले नाहींत. १९३५ सालीं येवल्यास बाबासाहेबांनीं हिंदु धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला, आणि १९५६ सालीं नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यांचें उत्तर असें झालें कीं ज्या दारावर माणुसकी नाकारली जाते त्या दाराशीं माणसानें ताटकळत राहूं नये. वडाळ्याच्याच सिद्धार्थ विहार वसतिगृहांत १९७० नंतरच्या काळांत दलित पँथरच्या तरुणांची ऊठबस असे. देवळाच्या रांगेंत हे तरुण कां उभे राहत नव्हते, याचें उत्तर चोखोबाच्या समाधीपाशीं मिळतें. ज्यांना देवाची अशी गोड चरित्रें गावयाचीं आहेत त्यांनीं हें उत्तरही ऐकून घेतलें पाहिजे.

दुसरें उत्तर एका शाळामास्तरानें दिलें. अमळनेरच्या शाळेंत शिकविणारे साने गुरुजी १ मे १९४७ रोजीं पंढरपुरांत उपोषणाला बसले. त्याआधीं महाराष्ट्रभर फिरून त्यांनीं लोकांना समजाविलें होतें. चिनी शेतकऱ्यानें देवाला उन्हांत ठेविलें असतें. गुरुजींनीं स्वतःला ठेविलें, आणि दाद मागितली ती देवाजवळ नव्हे, देवळाच्या चालकांजवळ. दहाव्या दिवशीं, १० मे रोजीं, मंदिर सर्वांना खुलें करण्याचें मान्य झालें आणि उपोषण सुटलें. यानंतर कांहीं कर्मठांनीं मंत्रविधीनें मूर्तींतील तेज पाण्याच्या घागरींत काढून घेतलें, असें सांगतात. त्यांच्या मतें विठ्ठल त्या दिवसापासून घागरींत होता आणि विटेवर नुसता दगड उरला होता.

त्या घागरीपुढें दर्शनाची रांग लागल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं. रांग विटेपुढेंच लागली आणि अजून लागते. वडाळ्याला गिरण्यांचे भोंगे बंद होऊन पुष्कळ वर्षें लोटलीं, मिठागरांच्या जागीं घरें झालीं; पण आषाढीच्या पहांटे पाऊस कोसळत असतांना कात्रक रस्त्यावर छत्र्यांखालीं माणसें उभीं असतात, आणि त्यांतील कित्येकांना दर्शन आटोपून आठाच्या आंत कामावर पोंचावयाचें असतें.